विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर

ज्याचे घरदार एका ठिकाणी स्थिर नसते, आज या गावी तर उद्या त्या गावी ज्याचा मुक्काम, त्याला उद्देशून आपण सहज म्हणतो, “त्याचे काय, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!” या म्हणीत थोडा उपहास आहे, थोडी कीवही आहे. पण म्हण रचणाऱ्याचे निरीक्षण सूक्ष्म होते, यात शंका नाही. विंचवाची मादी नवजात पिलांना पाठीवर वाहते. पहिली कात टाकून ती स्वतंत्र होईपर्यंत तिची पाठ हेच त्यांचे घर असते. मनुष्यप्राण्यातही अशी पाठीवरची घरे आहेत. वर्षाचे बारा महिने किंवा त्यांपैकी निम्मे ज्यांचा संसार चालता असतो, त्यांच्यापासून आपण स्थिर घरांत राहणाऱ्यांनी काय शिकावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांत चाकावरचे घर ही हौसेचीही वस्तू झाली. इ. स. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने व लेखकाने दोन घोडे ओढतील अशी प्रशस्त घरगाडी बांधवून घेतली, तिला ‘वाँडरर’ म्हणजे ‘भटक्या’ हे नाव दिले, आणि इंग्लंडमधून स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. पुढे मोटारी आल्या व घरगाड्यांना इंजिन मिळाले. आजच्या अशा गाडीत दिवसा बसण्याचा बाक रात्री पलंग होतो. चूल, मोरी, शौचकूप, छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज देणाऱ्या पट्ट्या, सर्व काही एका खोलीएवढ्या जागेत बसविलेले असते. आपल्याकडेही केरळ राज्याने २०२१ साली पर्यटकांसाठी अशा गाड्यांचे धोरण आखले.

परंतु हौस आणि निरुपाय यांत महदंतर आहे. अमेरिकेत २००८ च्या आर्थिक मंदीनंतर अनेकांची घरे गेली आणि कित्येक वृद्ध माणसे गाडीलाच घर करून राहू लागली. त्यांच्या जीवनावर जेसिका ब्रूडर या पत्रकार स्त्रीने २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. ही माणसे हंगामामागे हिंडतात, आणि त्यांच्या कामांपैकी एक काम आहे साखरबीटाच्या कापणीच्या हंगामातले. हे वाचताच आमच्या डोळ्यांपुढे निपाणी, संकेश्वर, काकती या भागांतील साखर कारखान्यांकडे जाणारे रस्ते उभे राहिले. साखर गोड करण्यासाठी कोणाला तरी घर सोडावे लागते, ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडेही खरीच आहे म्हणावयाची!

आपल्याकडील ऊसतोडणी कामगारांचे पाहा. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची, तिला ‘उचल’ म्हणतात. आणि पुढे सारा हंगाम ती फेडण्यासाठी राबावयाचे. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ ही संज्ञा आहे. दोन जीवांना एका हत्याराच्या नावाने ओळखावे, यातच त्यांच्या जिण्याचे मर्म आले. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखरेचा अंश घटू लागतो. म्हणून तोडणाऱ्यांना फडाच्या जवळपासच राहावे लागते. बांबू, ताडपत्री आणि उसाचे पाचट यांची ‘कोपी’ हे त्यांचे घर, आणि टायरची बैलगाडी हे त्यांचे वाहन.

दुसरे उदाहरण धनगरांचे. आम्ही घरी कोकणी बोलणारे. आमच्या कल्पनेत घर म्हणजे पडवी, माजघर, मागील दारी विहीर आणि पुढील दारी तुळशीवृंदावन. त्यामुळे ज्यांचे सगळे घर एका घोड्याच्या पाठीवर मावते, त्यांच्याविषयी आम्हांस फार कुतूहल वाटत आले आहे. कडोलीसारख्या गावांत सुगी सरल्यावर रिकाम्या शेतांत मेंढरे बसविण्याची पद्धत शेतकऱ्यांच्या चांगली परिचयाची आहे. कळप रात्री शेतात बसतो. लेंड्या आणि मूत्र यांचे उत्तम खत जागच्या जागी मिळते. त्याचा मोबदला शेतकरी धान्याच्या किंवा पैशांच्या रूपाने देतो. भोवती जाळीचे कुंपण, त्याला ‘वाघूर’ म्हणतात. बाजूला पाल, तीन दगडांची चूल, डालग्याखाली कोंबड्या आणि राखणीला कुत्रे. सकाळी तासाभरात हा सर्व पसारा घोड्यावर चढतो आणि मागे उरते ती फक्त राख.

ही भटकंती दिशाहीन नसते. मेंढरांना अतिपावसाचा चिखल मानवत नाही, त्यांचे खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात पूर्वेकडील कोरडा माळ, आणि पिके निघाल्यावर पश्चिमेकडील ओलाव्याचा मुलूख, असा हा क्रम असतो. निपाणीजवळील अक्कोळ येथे १८९२ साली जन्मलेले संत बाळूमामा हे मेंढरांमागेच आयुष्यभर हिंडले. १९६६ साली त्यांनी आदमापूर येथे देह ठेवला, तरी त्यांच्या नावाचे कळप अजून गावोगाव फिरतात आणि शेतकरी त्यांचे आदराने स्वागत करतात.

या चालत्या संसारांपासून घेण्याजोगे धडे कोणते? पहिला धडा वजनाचा. जे उचलावे लागते तेच खरोखर आपले, हा तेथील नियम आहे. वस्तू घेताना किमतीपूर्वी तिचा भार पाहावा लागतो. आपण मात्र माळ्यावर अडगळ रचीत जातो. दुसरा धडा पाण्याचा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. शंभर लिटर पाणी म्हणजे क्विंटलभर ओझे. घरगाडीत पाणी मोजून भरावे लागते आणि सांडपाणी नेमल्या जागीच रिते करावे लागते. पालातील स्त्रीला तर ते डोईवरून आणावे लागते. नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिसरा धडा ऋतूंचा : केव्हा निघावे व कोठे थांबावे हे निसर्ग ठरवितो. आणि चौथा धडा शेजाराचा. आज येथे, उद्या तेथे राहणाऱ्याला प्रत्येक गावी विश्वास नव्याने मिळवावा लागतो. म्हणून धनगराचा शब्द हीच त्याची पत असते.

तथापि एवढ्यावरून या जीवनाचे काव्य करणे योग्य होणार नाही. आपले जग पत्ता विचारते, आणि ज्याला पत्ता नाही त्याच्याकडे संशयाने पाहते. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून पुढे अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कलंक स्वतंत्र भारतात १९५२ साली कायद्यातून पुसला गेला, मनांतून मात्र पूर्णपणे गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) वाचले म्हणजे हे उमगते. शिधापत्रिकेची अडचण ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या योजनेने पुष्कळ दूर केली आहे. २०१९ साली आरंभ झालेली ही योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली.

सर्वांत मोठी हानी होते ती मुलांची. दिवाळीला गाव सोडणाऱ्या मुलाचे शाळेचे दुसरे सत्र बुडते. तो परततो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि अशी दोनतीन वर्षे गेली की पाटीच्या जागी कोयता येतो. २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाचा दाखला उशिरा आला, एवढ्या कारणाने त्यास प्रवेश नाकारता येत नाही. आपल्या सीमाभागात ही तरतूद फार मोलाची आहे. बीडहून आलेल्या मुलाला येथे त्याच्या भाषेतील शाळा मिळू शकते. तिचे दार उघडे आहे, हे त्याच्या आईबापांना कोणी तरी सांगावयास हवे.

विद्यार्थी मित्रहो, हे ‘कोणी तरी’ तुम्हीच होऊ शकता. आपल्या शिवारात कोपी पडली असेल, तेथे तुमच्याएवढे मूल दिसले, तर त्याला शाळेचे नाव व वेळ सांगा आणि आम्हा शिक्षकांनाही येऊन कळवा. ते वर्गात आले तर त्याला बाकावर जागा करून द्या. वजाबाकीत ते मागे असेल. पण कोणत्या ढगाला पाऊस आहे, बैल का लंगडतो, तीन दगडांची चूल वाऱ्यात कशी पेटवावी, हे ते तुम्हांस शिकवील. विंचवाच्या पिलांना पाठ सुटेपर्यंत आईची पाठ पुरते. माणसाच्या पिलाला त्याखेरीज विद्येचाही आधार लागतो, आणि तो आधार पाठीवरून कोठेही नेता येतो, त्याचे ओझे होत नाही.