मोजक्या साधनांचे संगीत

कलावंताची पहिली कृती लोक कौतुकाने पाहतात. दुसरी मात्र पारखून घेतात. पहिलीला नवेपणाचे तेज असते. दुसरीच्या वेळी ते ओसरलेले असते आणि कलावंतापुढे पेच उभा राहतो : एकदा साधले तेच पुन्हा करावे, की अधिक साधने जमवून काही भव्य करून दाखवावे? अमेरिकेतील दोन तरुण वादकांनी ह्या पेचातून तिसरीच वाट काढली.

डेट्रॉइट हे त्यांचे गाव. मोटारींच्या कारखान्यांमुळे हे शहर भरभराटीस आले आणि कारखाने बंद पडत गेले तसे ओस पडू लागले. १९५० साली तेथे साडेअठरा लाख लोक राहत. २००० साली साडेनऊ लाखच उरले. अशा ह्या शहरात १९९७ साली जॅक व्हाइट व मेग व्हाइट ह्यांनी 'द व्हाइट स्ट्राइप्स' हे वाद्यपथक काढले. जॅक गिटार वाजवून गाई, मेग ड्रम वाजवी. तिसरा वादक नव्हताच. जॅक हा मूळचा कोच-खुर्च्यांना गादी व कापड चढविणारा कारागीर.

त्यांच्या संगीतास 'गॅरेज रॉक' म्हणतात. १९६० नंतर अमेरिकेतील अनेक मुले घरच्या मोटारखान्यात, म्हणजे गॅरेजमध्ये, जमून वाद्ये वाजवीत. शिक्षण बेताचे, आवाज खरखरीत, परंतु उत्साह अस्सल! त्यावरूनच पुढे ह्या संगीतप्रकारास हे नाव पडले.

पथकाची पहिली ध्वनिमुद्रिका १९९९ साली निघाली आणि दुसरी जून २००० मध्ये. ही दुसरी जॅकच्या घरी, बैठकीच्या खोलीत मुद्रित झाली. त्या काळी संगणकाच्या साहाय्याने आवाजावर आवाज चढविणे सोपे झाले होते. ह्या दोघांनी मात्र जुन्या पद्धतीची आठपदरी फीत वापरली. तीवर एकमेकांशेजारी आठच ध्वनी स्वतंत्रपणे नोंदविता येतात.

ह्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'डे स्टाइल'. डच भाषेत ह्याचा अर्थ 'शैली'. १९१७ साली हॉलंडमध्ये ह्याच नावाची कलाचळवळ सुरू झाली होती. सरळ रेषा, काटकोन आणि मोजके रंग एवढ्यांवरच तिचे कलावंत भागवीत. त्यांपैकी गेरिट रिटव्हेल्ड ह्याने साध्या फळ्या व पट्ट्या जोडून एक प्रसिद्ध खुर्ची तयार केली. तिला ना नक्षी, ना गादी. तरीही ती डोळ्यांत भरते. त्याला आणि एका गिटारीच्या साथीने गाणारा अंध गायक ब्लाइंड विली मॅकटेल ह्याला ही ध्वनिमुद्रिका अर्पण केलेली आहे. खुर्ची घडविणाऱ्याला खुर्ची मढविणाऱ्याने केलेले हे वंदनच नव्हे काय?

काही गीतांत पियानो किंवा व्हायोलिन क्षणभर डोकावते. परंतु सारी इमारत उभी आहे ती गिटार, ड्रम व कंठ ह्या तीन खांबांवर. हे काम दिसते तितके सोपे नाही. शंभर वाद्यांच्या गजरात एखादी चूक लपून जाते; दोनच वाद्ये असली की प्रत्येक ठोका उघडा पडतो. मेगचे वादन बालिश आहे, अशी टीका अनेकांनी केली. पण तिचे साधे, ठाम ठोके काढून टाकले, तर त्या गीतांचा कणाच मोडेल.

पुढे ह्या पथकाची कीर्ती जगभर पसरली. त्याच्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेस २००४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०११ साली पथक विसर्जित झाले. तथापि त्याच्या यशाचे बीज घरातील त्या बैठकीच्या खोलीतच रुजले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी साधने वाढविली नाहीत, समज वाढविली. हाती थोडे आहे म्हणून काम अडत नाही. त्या थोडक्याची पूर्ण ओळख झालेली नसते, म्हणून ते अडते.