प्रवासातील संगणक

१९८१ साली अमेरिकेत ‘ऑसबर्न-१’ नावाचा संगणक विक्रीस आला, तेव्हा तो सोबत नेता येणारा संगणक म्हणून नावाजला गेला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा केवळ ५ इंचांचा होता, आणि बॅटरी तर आत नव्हतीच. तो उचलून कोठेही नेता येई. मात्र विजेच्या जोडणीवाचून चालत नसे. आज दीड किलोहून कमी वजनाचे लॅपटॉप सर्रास मिळतात. तरीही ज्याला आगगाडीत किंवा परगावच्या विश्रामगृहात बसून काम उरकावे लागते, त्याची विवंचना बव्हंशी तीच राहिली आहे: वीज कुठवर पुरेल?

जाहिरातीतील तासांच्या आकड्यावर येथे विसंबून चालत नाही. तो बहुधा मंद उजेडाच्या पडद्यावर घेतलेल्या चाचणीचा असतो. त्याऐवजी बॅटरीची क्षमता पाहावी. ती वॅट-तासांत दिलेली असते. समजा, ती ५० वॅट-तास आहे. साध्या लेखनासाठी यंत्र ८ वॅट वीज घेत असेल, तर सहा तासांहून थोडे अधिक काम होईल. पडदा पूर्ण उजळून कोणाशी चित्रसंभाषण सुरू केले आणि हा खर्च १५ वॅटांवर गेला, की सव्वातीन तासांतच बॅटरी संपत येते. शिवाय वापराने बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटते. मग मोठीच बॅटरी का घेऊ नये? घ्यावी, परंतु १०० वॅट-तासांहून मोठी बॅटरी विमानात न्यावयाची तर विमान कंपनीची अनुमती लागते.

आगगाडीच्या डब्यात विजेची सोय असते खरी. तथापि, आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात ती बंद ठेवण्याचे धोरण रेल्वेने २०२१ मध्ये कसोशीने अमलात आणले. अनेक डब्यांत विजेचा दाबही घरच्याप्रमाणे २३० नसून ११० व्होल्ट असतो. चार्जरवर ‘१०० ते २४०’ असे छापलेले असल्यास चिंतेचे कारण नाही.

कळफलकाकडे मात्र ग्राहकाचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते ती मोठीच चूक होय. भारतीय लिपींसाठी प्रमाणित झालेल्या ‘इनस्क्रिप्ट’ रचनेत च, ट, ड ही अक्षरे उजव्या कडेच्या, इंग्रजीत विरामचिन्हांसाठी असलेल्या कळांवर येतात. लहान यंत्रांत नेमक्या याच कळा कधीकधी अरुंद केलेल्या असतात. इंग्रजी लिहिणाऱ्यास ते जाणवतही नाही. मराठी किंवा हिंदी लिहिणाऱ्याची बोटे मात्र ओळीगणिक अडखळतात. म्हणून दुकानातच मातृभाषेतील एक परिच्छेद लिहून पाहावा.

पडदा १३ ते १४ इंचांचा, चकाकी नसलेला असावा. याहून मोठा पडदा विमानातील पुढच्या आसनाची पाठ मागे कलली की पुरता उघडत नाही. साठवण फिरत्या तबकडीची नसावी, कारण हादऱ्यांनी ती बिघडू शकते. स्मृतीच्या बाबतीत काटकसर करू नये. पुष्कळशा पातळ यंत्रांत ती मूळ पटलावरच जोडलेली असल्याने पुढे वाढविता येत नाही. आणि वजन करताना तराजूवर चार्जरही ठेवावा.