सैंधवाने रक्तदाब उतरतो का?

"डॉक्टरसाहेब, साधं मीठ बंद केलं, आता सैंधवच खातो," असे रक्तदाबाचे रुग्ण मोठ्या विश्वासाने सांगतात. काहींनी तेवढ्यावर गोळीही सोडलेली असते. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाही भरणार नाही इतके मीठ खावे. आपल्याकडे ठेचा, लोणचे, पापड यांतच त्यातले बरेचसे संपते. पापडखारातही सोडियम असते, हे गृहिणींनी ध्यानात घ्यावे.

पोटॅशियम मात्र उपकारक. अर्धापूरची केळी, लातूरची तूरडाळ, पालक यांतून ते मिळते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे पदार्थ बेताने खावेत आणि पोटॅशियमयुक्त 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

लसूण जरूर खावा, गोळीऐवजी नव्हे. ज्येष्ठमध रोज चघळल्यास रक्तदाब उलट वाढतो. गुडघेदुखीच्या कित्येक गोळ्यांचेही तेच. डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब नाही, असे समजून गोळी थांबविणाऱ्यास पक्षाघाताचा धोका असतो. मीठ कमी केल्यावर काही आठवड्यांनी रक्तदाब मोजून घ्यावा. गोळीची मात्रा कमी करायची की नाही, ते डॉक्टर त्या आकड्यावरून ठरवतील.