टाकीविना मुलामा: विमानाच्या गंजरोधक थराविषयीचे गैरसमज

दिल्लीपासून समुद्र दूर, तेव्हा येथील विमानांना गंजाचे भय नाही, ही समजूत मेहरौलीच्या सुमारे सोळाशे वर्षे जुन्या लोहस्तंभाने अधिकच दृढ केलेली दिसते. पण कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनानुसार त्या स्तंभाला तारले ते मुख्यतः लोखंडातील फॉस्फरसमुळे बनलेल्या संरक्षक थराने, आणि विमानाला तर कोणत्याही एका गावची हवा नसते. पालमच्या धुक्यातून निघालेले विमान दोन तासांत मुंबईच्या खाऱ्या दमटपणात उतरते, शिवाय उंचीवर थंड पडलेल्या सांगाड्यावर आतून पाणी साचते, ते वेगळेच.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, हेही अर्धसत्यच आहे, कारण विमानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘२०२४’ क्रमांकासारख्या मिश्रधातूला ताकद देणारे तांबेच तिची गंजाला तोंड देण्याची क्षमता घटवते. म्हणून तिचे अ‍ॅनोडायझिंग करतात, म्हणजे भाग धन ध्रुवाला जोडून आम्लाच्या द्रावणात, एरवी टाकीत बुडवून, त्याच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइडमध्ये रूपांतर घडवतात. त्या थराला वरून दिलेला रंग समजणे चूक आहे.

हा थर खरवडला गेला की भाग सुटा करून टाकीत बुडवावाच लागतो, असे नाही. शोषक कापड गुंडाळलेले हातातील विद्युतअग्र द्रावणाने ओले ठेवून, सुवाह्य रेक्टिफायरच्या साहाय्याने तेवढ्याच जागी अ‍ॅनोडायझिंग करता येते, आणि ध्रुव उलटे जोडून व द्रावण बदलून धातूचा मुलामाही देता येतो. या पद्धतीला ‘ब्रश प्लेटिंग’ म्हणतात, त्यामुळे ती रंगाऱ्याची डागडुजी वाटते. वस्तुतः टाकीपेक्षा येथे विद्युतप्रवाहाची घनता बरीच जास्त असते आणि जाडी अँपिअर-तास मोजून ठरवली जाते.

सर्वांत घातक गैरसमज लँडिंग गिअरच्या उच्चशक्ती पोलादाबाबत आहे: मुलामा निर्दोष दिसला की भाग सुरक्षित. मुलाम्याच्या वेळी सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरला, तर वरून निर्दोष दिसणारा भाग पुढे भाराखाली अचानक तडकू शकतो, म्हणून टाकीतील कॅडमियम मुलाम्यानंतर तो भाग सुमारे १९० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तापवतात. विमानावर बसवलेला गिअर असा भट्टीत घालणे शक्य नसल्याने अल्प-हायड्रोजन कॅडमियमची द्रावणे विकसित झाली. साधे द्रावण तेथे चालत नाही.

तरीही ही पद्धत सर्वत्र लागू होत नाही: खोल भोके, अवघड कोपरे आणि विस्तीर्ण पृष्ठभाग टाकीसाठीच राखलेले बरे. शिवाय, कारागीर कितीही कुशल असला तरी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या सीएआर-१४५ नियमांखाली मान्यता मिळालेल्या संस्थेला निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेसारख्या मान्य दस्तऐवजात परवानगी असेल तेथेच असा मुलामा देता येतो.