विधवेच्या लग्नाला पत्रिका का नको?

बायको वारल्यावर पुरुषाने वर्षाच्या आत दुसरे लग्न केले, तर समाज म्हणतो, 'बरे केले, लेकरांकडे कोण पाहणार?' नवरा वारल्यावर बाईने चार वर्षांनी लग्न करायचे ठरवले, तर तोच समाज म्हणतो, 'लेकरांकडे पाहून तरी गप्प बसायचे होते!' लेकरे तीच, कारणही तेच. निकाल मात्र उलटा. कोर्टात असा निकाल लागला असता तर आम्ही वरच्या कोर्टात अपील केले असते. समाजाच्या या निकालाविरुद्धचे अपील आम्ही या पानावर दाखल करीत आहोत.

निमित्त घडले ते एका लग्नाचे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातील एका जिवलग मैत्रिणीची लग्नपत्रिका आली. वय चव्वेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पती २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलगी बारावीला. नियोजित वरही विधुर. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून दोन नावे : एक मुलीचे आणि दुसरे पहिल्या सासूबाईंचे. 'दुसरेच लग्न ना? त्यासाठी एवढे लांब कशाला जाता?' असे मुंबईत आम्हाला दोघा-तिघांनी विचारले. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी कोर्टाचे काम आटोपून विदर्भ एक्स्प्रेस धरली आणि शनिवारी सकाळी भंडारा रोडला, आमच्या गावाकडच्या स्टेशनावर उतरलो.

शनिवारचा दिवस लग्नघरात गेला. पण तिथे लग्नापेक्षा चर्चाच जास्त होती. 'पाटाले कोणी पत्रिका छापते का?' एका वडीलधाऱ्या पाहुण्याने विचारले. त्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, 'माहा पोरगा गेला, पण पोरगी तं हाय ना मले!' पाहुणे गप्प झाले. मग खरे प्रश्न बाहेर आले. शेताचे काय? पोरीच्या आडनावाचे काय? वकील घरात आयताच सापडला होता, म्हणून आम्हाला ओसरीवर बसवून उलटतपासणी सुरू झाली. जी उत्तरे तिथे दिली ती इथेही देतो, कारण हे प्रश्न घरोघरी आहेत.

शेत तीन एकर, पतीने स्वतः विकत घेतलेले. मृत्युपत्र नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार आई, पत्नी आणि मुलगी या तिघींना सारखा वाटा, म्हणजे एकेक एकर. पतीच्या मृत्यूबरोबर विधवेला मिळालेला हा वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. नंतर लग्न केले म्हणून तो काढून घेता येत नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली होती, पण पहिल्या पतीच्या मिळकतीवरचा हक्क मात्र काढून घेतला होता. तो कायदा १९८३ साली रद्द झाला, तरी आमच्या ओसऱ्यांवर अजून त्याच कायद्याचे राज्य चालू आहे! आडनावाचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ रोजी स्पष्ट सांगितले की, पित्याच्या पश्चात आईच मुलाची नैसर्गिक पालक असते आणि तिने पुनर्विवाह केला तरी मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार तिचाच. अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईतही विधवेचा पुनर्विवाह आड येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम मात्र प्रत्येक सेवेत वेगळे असतात. त्याची माहिती लग्नाआधी कार्यालयातून लेखी घ्यावी, नातेवाइकांच्या तोंडून नव्हे.

आता पाहुण्यांच्या त्या 'पाटा'कडे वळू. आपल्या पूर्वजांत विधवेचे लग्न होत असे, याचा आपण अभिमान बाळगतो. पण ते कसे होत असे? रात्रीच्या अंधारात, वाजंत्रीविना, चार माणसांत. लग्न ते दिवसा लागायचे आणि पाट तो रात्री! म्हणजे बाईला नवरा मिळत होता, पण मान मिळत नव्हता. आणि आता चार पैसे आले, मुले शिकली, तेव्हा आपण काय केले? अंधार घालवून उजेड आणायचा, तर आपण पाटच बंद करीत सुटलो आणि ज्यांच्या घरात विधवेचे केशवपन होई त्यांची 'प्रतिष्ठा' उसनी आणली.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्नाचे बंधन आणि ते टिकवण्याची साधने म्हणजे सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह, अशी मांडणी त्यांनी त्यात केली. नवरा मेलेली बाई जातीच्या हिशेबात 'जादा' ठरते, म्हणून तिला जाळायचे किंवा जिवंतपणी मारायचे. विधुराला मात्र लहान मुलगी शोधून द्यायची. विधवेच्या लग्नाला नाक मुरडणारा माणूस जातीच्या वाड्याची राखण करीत असतो, मग त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर कितीही मोठी असो. महात्मा फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच राखणदारांनी टाकलेल्या बायकांसाठी.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांवर बंदीचा ठराव केला आणि शासनाने परिपत्रक काढून तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. चांगले झाले. पण बांगड्या वाचल्या म्हणजे बाईचे उरलेले आयुष्य वाचले का? चाळिशीतल्या बाईपुढे आणखी तीस-चाळीस वर्षे असतात. बाबासाहेबांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. या वयात सोबतीची गरज पुरुषाला असते, मग बाईला का नसावी?

रविवारी सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, विहारात लग्न लागले. त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार आणि सगळ्यांना पंगत. पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. आमचे वर्गमित्र नागपूर, पुण्याहून आले होते. आदल्या दिवशी पत्रिकेला हरकत घेणारे पाहुणेही जेवणाच्या पंगतीत वाढत होते. यात कुठे कोणाची अब्रू गेली ते आम्हाला तरी दिसले नाही.

तेव्हा समाजबांधवांनो, मागणी साधी आहे. विधवेचे लग्न ठरले की पत्रिका छापा, दिवसा लावा, सगळ्यांना बोलवा. आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला जोडून विवाहाची रीतसर नोंदणी करा. कागद नसला की बाईलाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे आम्ही रोज पाहतो. शेताचा फेरफार सासरच्यांनी स्वतः करून द्यावा. आणि असे निमंत्रण आले तर 'दुसरेच लग्न' म्हणून घरी बसू नका. पहिल्या लग्नाला माणसे आपोआप जमतात. माणसांची खरी गरज असते ती या लग्नाला.