बासनाबाहेरचे ग्रंथ

जुन्या पोथ्या बासनांत बांधून ठेवाव्या, कीं उघडून चारचौघांस दाखवाव्या, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. बासनांत पोथी सुरक्षित राहते, पण तिचें मोल हळूहळू विसरलें जातें. उघड्यावर तिचें मोल सर्वांस कळतें, पण प्रकाशानें ती झिजते. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयानें या पेचांतून काढलेली वाट समजून घेण्याजोगी आहे.

टॉमस बॉडले यांनीं स्थापिलेलें हें ग्रंथालय १६०२ सालीं खुलें झालें. ग्रंथ बाहेर द्यावयाचा नाहीं, हा तेथील दंडक. १६४५ सालीं पहिल्या चार्ल्स राजानें एक पुस्तक मागविलें, तेव्हां ग्रंथपालानें नियम पुढें केला, आणि राजानेंही तो मानला. १६५४ मध्यें राज्यसूत्रें हातीं असलेल्या क्रॉम्वेललाही तेंच उत्तर मिळालें. वाचकास ग्रंथालयांत विस्तव आणणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करावी लागे, व तो प्रघात अजून चालू आहे.

अशा करड्या शिस्तीच्या संस्थेचा एक दरवाजा आज भर रस्त्यावर उघडतो. १९४६ सालीं सहाव्या जॉर्ज राजाच्या हस्ते जिचें उद्घाटन झालें, ती तिची नवी इमारत. कुलूप उघडतांना समारंभाची किल्लीच मोडली, ही हकीकत तेथें आजही सांगतात. पुढें या इमारतीची पुनर्रचना झाली व २०१५ च्या मार्च महिन्यांत ती ‘वेस्टन लायब्ररी’ या नांवानें सर्वांसाठीं खुली झाली. वर अभ्यासकांच्या खोल्या, आणि तळमजल्यावर प्रदर्शनाचीं दालनें व व्याख्यानांची सोय, अशी तिची रचना आहे. कोणत्याही वाटसरूनें आंत शिरावें व दुर्मिळ हस्तलिखितें पाहावीं.

मात्र दाखविण्याचीही एक रीत असते. शाई, रंग व कागद यांवर प्रकाशाचा जो परिणाम होतो तो भरून येत नाहीं, सांचतच जातो. म्हणून अशा प्रदर्शनांत उजेड मंद ठेवतात. नाजूक वस्तूंसाठीं सुमारें ५० लक्स ही मर्यादा सर्वत्र रूढ आहे. ग्रंथ सपाट न उघडतां त्याच्या बांधणीला सोसेल इतकाच, आधारावर टेकून उघडतात. हवेचा ओलावा सांभाळतात. कांहीं महिन्यांनीं पान बदलतात, किंवा ग्रंथच पुन्हा अंधारांत विश्रांतीस पाठवितात. पाहणाऱ्यास एका वेळीं दोनच पानें दिसतात. उरलेला ग्रंथ समजावून देण्याचें काम शेजारच्या टिपणावर व व्याख्यात्यावर पडतें. प्रदर्शनाबरोबर व्याख्यानें होतात तीं याचसाठीं.

असल्या ग्रंथांत भारतीयांच्या जिव्हाळ्याचेंही एक बाड आहे. १८८१ सालीं पेशावरजवळील बक्षाली गांवीं जमीन खणतांना भूर्जपत्रांवर लिहिलेलें गणिताचें पुस्तक सांपडलें. १९०२ पासून त्याचीं ७० पानें बॉडलियनमध्यें आहेत. त्यांत शून्यासाठीं टिंब वापरलें आहे. २०१७ सालीं केलेल्या कार्बन-परीक्षेंत कांहीं पानें तिसऱ्या-चौथ्या शतकांतील निघालीं. या कालनिर्णयावर विद्वानांत वाद आहे. त्याच वर्षीं लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें त्याचें एक पान मांडलें गेलें, आणि केवळ पंडितांना ठाऊक असलेलें तें टिंब सामान्य माणसानें डोळ्यांनीं पाहिलें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर याच ग्रंथालयाच्या एका चुकींत आहे. १६२३ सालीं छापलेल्या शेक्सपिअरच्या नाटकसंग्रहाची एक प्रत त्याच सुमारास येथें आली होती. पुढें सतराव्या शतकांत अधिक नाटकें असलेली नवी आवृत्ति निघाली, आणि जुनी प्रत निरुपयोगी ठरून संग्रहाबाहेर गेली. १९०५ सालीं एका विद्यार्थ्यानें घरचें एक जुनें पुस्तक सल्ल्यासाठीं आणून दाखविलें, तेव्हां बांधणीवरून तीच ही प्रत असल्याचें उघड झालें. एका अमेरिकन संग्राहकानें तिला ३,००० पौंड देऊं केले. इतकी रक्कम ग्रंथालयाजवळ नव्हती. अखेर लोकांनीं वर्गणी जमवून १९०६ सालीं प्रत सोडवून आणली. तिच्यांतील ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची पानें वाचून वाचून सर्वांत अधिक झिजलीं आहेत. आतां ती हाताळणें धोक्याचें, म्हणून पुन्हा लोकांच्याच मदतीनें तिचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं व २०१३ पासून तीं कोणासही घरबसल्या पाहतां येतात.

विद्वानांनीं टाकलेला ग्रंथ सामान्यांच्या पैशानें परत आला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. पहारा, कुलूप व नियम ग्रंथाला चोरापासून राखतात. उपेक्षेपासून राखण्यास मात्र त्याचें मोल जाणणारे लोकच लागतात. असे लोक घडविण्याचें काम प्रदर्शनें करतात. म्हणून पान थोडें फिकट होण्याची जोखीम पत्करूनही, मापून-जोखून, ग्रंथ बासनाबाहेर काढणें हेंच त्याचें खरें रक्षण होय.