दम कसा मोजतात?

आमच्या शाळेत दम पाहायचा म्हणजे मैदानाला फेऱ्या. कूपर यांची १९६८ची चाचणीही तशीच: १२ मिनिटांत किती अंतर धावलात? पण फुटबॉलमध्ये कोण एका चालीने धावतो? म्हणून डेन्मार्कच्या बांग्सबो यांनी यो-यो चाचणी काढली. २० मीटर जायचे, २० मीटर यायचे, १० सेकंद विसावा. इशारे लवकर-लवकर वाजू लागतात. दोनदा रेषा चुकली की संपले. एकूण अंतर हा निकाल. खरी परीक्षा त्या १० सेकंदांची, तेवढ्यात दम किती परत येतो!

आमचा नातू ऑगस्टच्या भर दुपारी यात मागे पडला नि संघातून गळला. उन्हात नाडी आधीच चढलेली असते. संध्याकाळी पुन्हा धावू द्या, असे आम्ही प्रशिक्षकांना सांगून आलो आहोत.